बॉनी ओवेन्सचा आवाज कुठे ऐकायचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पेटीवर साथ करायचे. दुसऱ्यांच्या मैफिलींत, गवयाच्या बाजूला बसून त्यांनी आयुष्य काढलं. त्यामुळे इथे येऊन एखाद्या मोठ्या गवयावर बोलायचं नाही, साथ करणाऱ्या कलावंतावर बोलायचं, हे मी आमंत्रण आलं तेव्हाच ठरवलं. फक्त कलावंत फार लांबचा निवडलाय. अमेरिकेतल्या कंट्री संगीतातली एक बाई, बॉनी ओवेन्स. हे नाव किती जणांनी ऐकलंय असं मी विचारत नाही, कारण अमेरिकेतही ते पुष्कळांना चटकन आठवत नाही. मर्ल हॅगर्डचं नाव घेतलं, त्याच्या शेजारच्या माइकवर उभी राहायची ती, असं सांगितलं, की मग “हां, ती!” म्हणतात. मला बोलायचंय ते या “हां, ती”बद्दल.

२४ एप्रिल २००६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावी बॉनी ओवेन्स वारली. वय ७६. अल्झायमरने तिची स्मृती गेलेली होती. त्याच्या महिनाभर आधी, २५ मार्चला, त्याच गावात बक ओवेन्स हा कंट्री संगीतातला बडा गायक वारला होता. तो तिचा पहिला नवरा. आणि मर्ल हॅगर्ड, ज्याला निम्मी अमेरिका कंट्री संगीतातला सर्वांत मोठा गीतकार मानते, तो तिचा दुसरा नवरा. बहुतेक ठिकाणी तिची ओळख या दोन वाक्यांतच उरकतात: अमक्याची पहिली बायको, तमक्याची दुसरी बायको. या ओळखीत खोटं काही नाही, पण तिने काय काम केलं ते त्यात येत नाही.

ते काम समजायला आधी गाव समजून घ्यावं लागतं. बेकर्सफील्ड हे लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, कर्न काउंटीतलं गाव. कापूस, द्राक्षं आणि तेलाच्या विहिरी. १९३० च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा या भागांत मंदी आणि दुष्काळ एकदमच आले, धुळीची वादळं उठली, आणि हजारो कुटुंबं मोडक्या गाड्यांवर गाद्या-भांडी लादून पश्चिमेकडे निघाली. कॅलिफोर्नियात त्यांना “ओकी” म्हणत, आणि ते प्रेमाने म्हणत नसत. जॉन स्टाइनबेकने या लोकांवर ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कर्न काउंटीने त्याच वर्षी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून तिच्यावर बंदी घातली. ज्यांच्याबद्दल पुस्तक, त्यांच्याच दारात बंदी! हॅगर्डचे आईवडील याच लाटेत ओक्लाहोमातून आले. बेकर्सफील्डला लागून असलेल्या ऑइलडेलमध्ये त्याच्या बापाने रेल्वेचा एक जुना डबा दुरुस्त करून त्याचं घर केलं आणि १९३७ साली मर्ल त्या घरात जन्मला.

ही माणसं दिवसभर शेतात आणि तेलाच्या विहिरींवर राबायची आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत नाचायला जायची. ‘ब्लॅकबोर्ड’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला अड्डा. तिथल्या गोंगाटात आवाज पोचावा म्हणून वादकांनी विजेवर चालणारी टेलिकास्टर गिटार हातात घेतली, तारा करकरीत वाजवल्या, ढोल पुढे आणला. त्या काळी नॅशव्हिलमध्ये कंट्री गाण्यांवर व्हायोलिनच्या ताफ्याचं आणि कोरसचं लोणी थापलं जात होतं. बेकर्सफील्डचं संगीत त्या मानाने कोरडं, खणखणीत राहिलं. या कोरड्या संगीताच्या वर एक पातळ, उंच, स्वच्छ बाईचा आवाज चढवला की काय होतं, ते हॅगर्डच्या तबकड्यांत ऐकायला मिळतं.

बॉनी कॅम्पबेल १ ऑक्टोबर १९२९ रोजी ओक्लाहोमात जन्मली. कुटुंब ॲरिझोनात आलं. तिथे मेसा गावातल्या चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या रिंगणात तिची बकशी गाठ पडली. दोघं स्थानिक रेडिओवर गायली, १९४८ साली लग्न झालं, दोन मुलगे झाले, १९५१ मध्ये बेकर्सफील्डला मुक्काम हलला, तोवर संसार मोडलाही होता. पदरात दोन लहान मुलं. बॉनी क्लबात ग्राहकांना पेले नेऊन देणारी वाढपीण झाली आणि मधूनच मंचावर चढून गाऊ लागली. ‘क्लोव्हर क्लब’ हे त्या जागेचं नाव. ‘ओवेन्स’ हे आडनाव तिने पुढे कधी टाकलं नाही. दुसरं लग्न झालं, तेही मोडलं, तिसरं झालं, तरी मंचावर ती शेवटपर्यंत पहिल्या नवऱ्याच्याच नावाने उभी राहिली.

१९५३ सालची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्या नशिबाची रीत तिथेच ठरल्यासारखी वाटते. ‘अ डिअर जॉन लेटर’ हे गाणं बॉनीने फझी ओवेन या बेकर्सफील्डच्या वादकाबरोबर एका छोट्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. कोरियाच्या युद्धाचे दिवस. आघाडीवरच्या सैनिकाला त्याच्या प्रेयसीचं पत्र येतं की मी दुसऱ्याशी लग्न करतेय. हे गाणं लगेच कॅपिटॉल कंपनीने जीन शेपर्ड आणि फर्लिन हस्की यांच्या आवाजांत काढलं आणि ते देशभरच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणं आधी बॉनी गायली होती हे आज संग्राहकांना ठाऊक असतं, बाकी कुणाला नाही.

आता जरा संगीताकडे येतो. बॉनी ज्या कामासाठी आठवली जाते ते काम म्हणजे हार्मनी, आणि आपल्या कानांना ते सरावाचं नाही. आपल्याकडे दोघं एकत्र गातात तेव्हा एकतर एकच स्वर लावतात, नाहीतर आळीपाळीने गातात. शाहिराच्या मागे झीलकरी सूर धरतात, पण ते ध्रुवपदापुरतं. हार्मनीत दोन माणसं तेच शब्द, त्याच क्षणी, वेगवेगळ्या स्वरांवर गातात. हॅगर्ड ‘सा’वर असेल तर बॉनी त्याच्या वरच्या ‘ग’वर. तो ‘रे’वर गेला की ती ‘म’वर, तो ‘ग’वर तर ती ‘प’वर. मध्येच खालची स्वरसंगती बदलते, तिथे हा हिशेब चालत नाही, तिला एखादा स्वर धरून थांबावं लागतं किंवा उडी घ्यावी लागते. आपल्या शेजारी गोव्यात मांडो अशाच दोन आवाजांत गातात. तिथल्या ख्रिस्ती घरांतल्या लग्नसमारंभांना जे गेले असतील, त्यांच्या कानांवर ही गोष्ट पडलेली असेल.

स्वर शिकता येतात. खरी अडचण पुढे आहे. दोघांच्या स्वरवर्णांचा आकार एक असावा लागतो. एकाने ‘आ’ उघडा आणि दुसऱ्याने मिटका लावला तर स्वर बरोबर असूनही कानाला खुपतं. इंग्रजी शब्दांच्या शेवटी ‘स’ आणि ‘ट’ फार येतात. ते दोघांनी मागेपुढे उच्चारले की टकटक असा दुहेरी आवाज होतो, म्हणून साथ देणारे पुष्कळदा शेवटचं व्यंजन मुख्य गायकावर सोडून देतात. श्वास एकाच जागी घ्यायचा. कंप त्याच्याइतकाच द्यायचा, किंवा द्यायचाच नाही. हॅगर्डवर लेफ्टी फ्रिझेल या आधीच्या पिढीतल्या गायकाची छाप होती. एकेक स्वरवर्ण ताणून, वाकवून, तालाच्या किंचित मागे ठेवून म्हणायची त्याची ढब होती. रोज तो शब्द त्याच जागी वाकवेल याची खात्री नाही.

इथे पेटीची साथ आणि ही साथ यांत फरक पडतो. ख्यालात पेटीवाला गवयाच्या मागून जातो. गवयाने जागा घेतली की निमिषभराने ती पेटीवर उमटते, आणि तो निमिषभराचा उशीरच आपल्याला गोड वाटतो. हार्मनीवालीला तो निमिष मिळत नाही. त्याच्या तोंडून शब्द सुटतो त्याच क्षणी तिचाही सुटला पाहिजे. म्हणजे ऐकून गाता येत नाही, आधीच ठाऊक असावं लागतं. आज हा या ओळीवर रेंगाळणार, त्याचा दम या शब्दापाशी संपणार, हे पुढचं तिच्या डोक्यात आधीपासून असतं. दुसऱ्या माणसाच्या सवयी इतक्या पाठ असणं हीच तिची कला. ‘द बॉटल लेट मी डाउन’ हे १९६६ सालचं हॅगर्डचं गाणं या दृष्टीने ऐकून पाहा. मुखड्याला ती त्याच्या वर येते तेव्हा दोघांच्या आवाजांत सांधा सापडत नाही. मी पुष्कळदा मुद्दाम शोधून पाहिलाय.

हॅगर्ड तिच्याहून साडेसात वर्षांनी लहान. पोरवयापासून चोऱ्यामाऱ्या, सुधारगृहं, पळून जाणं. शेवटी सान क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन १९६० मध्ये सुटलेला. फझी ओवेन आणि लुइस टॅली यांनी बेकर्सफील्डमध्ये टॅली नावाची चिमुकली तबकडी कंपनी काढली होती, तिथे दोघांची कारकीर्द जुळली. लिझ अँडरसनने लिहिलेलं ‘जस्ट बिटवीन द टू ऑफ अस’ हे युगुलगीत १९६४ साली निघालं आणि चाललं. पुढच्या वर्षी दोघांनी मेक्सिकोच्या हद्दीत, टिहुआनाला जाऊन लग्न केलं. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्याच्या कंट्री संगीत अकादमीने पहिल्यांदा पुरस्कार दिले, त्यांत १९६५ सालची सर्वोत्तम गायिका म्हणून बॉनीचं नाव आलं. त्या वेळी नवऱ्यापेक्षा तीच जास्त नाणावलेली होती, हे पुढे लोक विसरले. पुढच्या दोनतीन वर्षांत त्याची गाणी एकामागून एक पहिल्या क्रमांकावर जाऊ लागली आणि ती एक पाऊल मागे सरली. कुणी सरकवली असं म्हणायला मला पुरावा दिसत नाही. तिने ते पाऊल आपण होऊन घेतलं असं माझं मत आहे, आणि आजच्या काळात हे मत काहींना रुचणार नाही.

घरात हॅगर्डची पहिल्या लग्नाची चार मुलं होती. ती तिने आणि हॅगर्डच्या आईने वाढवली. त्यात दौरे, मोटारबसमधला मुक्काम, आणि एक काम ज्याला मंचावर जागा नव्हती: हॅगर्ड गाणं रचू लागला की वही-पेन घेऊन त्याच्याजवळ असणं. त्याला गाणी कुठेही सुचत, तो ती बोलत सुटे आणि ती उतरवून घेई. हॅगर्डसारख्या गीतकाराच्या बाबतीत याचं मोल काय होतं ते लक्षात घ्या. जे उतरवलं गेलं नाही ते गेलं.

‘टुडे आय स्टार्टेड लव्हिंग यू अगेन’ या गाण्याची कथा सांगतात ती अशी. दोघं मोठ्या दौऱ्यावरून परतत होती. दौऱ्याच्या धबडग्यात एकमेकांकडे नीट बघायलाही वेळ मिळाला नव्हता. बोलताबोलता त्याच्या तोंडून काही तरी निघालं आणि ती म्हणाली, यात गाणं आहे. पुढे एका मुक्कामात त्याने तिला हॅम्बर्गर आणायला पाठवलं. ती परत आली तोवर गाणं कागदी पिशवीवर लिहून झालेलं होतं. त्या गाण्यावर गीतकार म्हणून दोघांची नावं आहेत. १९६८ साली ते ‘द लेजंड ऑफ बॉनी अँड क्लाइड’ या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं, म्हणजे कंपनीच्या हिशेबी ते दुय्यम होतं. पुढे असंख्य गायकांनी ते गायलं, आणि हॅगर्डच्या सर्वाधिक गायल्या गेलेल्या गाण्यांत ते आहे. निम्मं नाव त्याने तिला कृतज्ञतेपोटी दिलं असं म्हणतात. मला वाटतं, त्यात उपकाराचा भाग थोडा आणि हिशेबाचा जास्त होता. यात गाणं आहे, हे त्याच्या आधी तिला कळलं होतं.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर ती दौऱ्यांतून बाहेर पडली, १९७८ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी हॅगर्डने लिओना विल्यम्स या गायिकेशी लग्न केलं, आणि त्या लग्नात नवरीची पाठराखीण म्हणून बॉनी उभी होती. हे ऐकून आपल्याकडे लोक एकतर हसतात नाहीतर कपाळाला हात लावतात. त्याहून नवल पुढचं. ती परत त्याच्या वाद्यवृंदात आली आणि कित्येक वर्षं त्याच्याच शेजारी उभी राहून गात राहिली. हॅगर्डने एकंदर पाच लग्नं केली. संसार कुणाशी का असेना, वरचा आवाज बॉनीचा.

आणि मग तिची स्मृती जाऊ लागली.

अल्झायमरमध्ये सुरुवातीला जातं ते बहुधा ताजं. सकाळी काय खाल्लं, पाहुणा कोण येऊन गेला, हातातली किल्ली कुठे ठेवली. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग नवीन आठवणी साठवण्याच्या कामाचा, आणि रोगाचा घाला तिथे लवकर पडतो. जुन्या गोष्टी मागाहून जातात, सवयीने हाताला-गळ्याला चिकटलेल्या आणखी मागाहून. गाणं टिकण्यामागे हे एक कारण आहे. २०१५ साली ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी यावर एक निबंध प्रसिद्ध केला. दीर्घ काळ परिचित असलेलं संगीत ओळखताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते त्यांनी आधी निरोगी तरुणांमध्ये पाहिलं, मग अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूच्या प्रतिमा काढून त्याच भागाची अवस्था तपासली. तो भाग तुलनेने कमी झिजलेला दिसला.

एवढ्यावरून “संगीतापुढे स्मृतिभ्रंशाची मात्रा चालत नाही” असं वर्तमानपत्री वाक्य करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या अभ्यासात रुग्णांना गायला लावलेलं नव्हतं. आणि गाणं ओठांवर आलं म्हणजे माणूस परत आला असं होत नाही. व्हीलचेअरवरच्या आजीच्या कानाला इअरफोन लावतात, ती डोळे उघडून गुणगुणते, घरचे रडतात. अशा चित्रफिती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. चित्रफीत तीन मिनिटांची असते. उरलेला दिवस कुणीतरी तिला आंघोळ घालायची असते, “मला घरी जायचंय” हे घरातच बसून म्हणणारीची समजूत काढायची असते. ते करणारे इथे बसलेले असतील. त्यांना मी संगीताची जडीबुटी विकणार नाही.

पण हार्मनी गाणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक वेगळा प्रश्न उभा राहतो, आणि त्यानेच मी या विषयाकडे ओढला गेलो. एकट्याने गाणारा जेव्हा विसरू लागतो तेव्हा त्याच्याकडे निदान पूर्ण चाल असते, सुरुवात सापडली की पुढचं घरंगळत येतं. बॉनीच्या गळ्यात आयुष्यभर बसलेली होती ती दुसरी ओळ. ती ओळ एकटी ऐकली तर अपुरी वाटते, काही वेळा कुठलं गाणं आहे तेही कळत नाही. ती पुरी व्हायला खालून दुसऱ्याचा आवाज यावा लागतो. शिवाय मघाशी म्हटलं तसं, तिची कला पुढचं आधी ठाऊक असण्याची होती. पुढचं ठाऊक असणं हे मागच्या आठवणीतूनच होतं. हजारदा त्याच्या शेजारी उभं राहून कमावलेलं ते ज्ञान. अशा बाईची स्मृती गेली म्हणजे तिच्या स्वतःच्या आयुष्याबरोबर हॅगर्डच्या गाण्यांची वहीही मिटली.

याच काळातला, याच आजाराने गाठलेला दुसरा माणूस ग्लेन कॅम्पबेल. तो पुढे ‘राइनस्टोन काउबॉय’ या गाण्यामुळे जगभर गाजला, पण १९६० च्या दशकात तो लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत भाड्याने गिटार वाजवणारा, साथीला गाणारा होता. हॅगर्डच्या कॅपिटॉलवरच्या ध्वनिमुद्रणांतही त्याने गिटार वाजवलीय. १९६४ च्या अखेरीस बीच बॉइज या वाद्यवृंदातल्या ब्रायन विल्सनने दौरा अर्ध्यावर सोडला तेव्हा त्याच्या जागी बास वाजवायला आणि वरचा सूर लावायला कॅम्पबेललाच बोलावलं होतं. म्हणजे हाही साथीच्या पेशातून आलेला. २०११ च्या जूनमध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने जाहीर केलं की त्याला अल्झायमर आहे, आणि मग निरोपाचा दौरा काढला. पाचसहा आठवड्यांचा असेल असं वाटलेला तो दौरा २०१२ च्या नोव्हेंबर अखेरपर्यंत चालला, १५१ मैफिली झाल्या. वाद्यवृंदात त्याची तीन मुलं होती, मुलगी ॲशली बँजो वाजवत होती. शब्द समोरच्या पडद्यावर चालायचे. कधी नुकतंच गाऊन झालेलं गाणं तो पुन्हा सुरू करायचा. गिटारवर मात्र बोटं अशी पळायची की आजारी माणूस वाटू नये. या दौऱ्यावरचा ‘आय विल बी मी’ हा माहितीपट २०१४ साली आला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला.

कॅम्पबेलच्या त्या मैफिलींत प्रेक्षकांना सगळं आधी ठाऊक होतं आणि तरी ते तिकीट काढून आले होते. तो अडखळला की खालून हजार माणसं शब्द पुरवायची. हा कौतुकाचा तमाशा होता, आजारी माणसाला मंचावर नाचवलं, असं म्हणणारेही होते. माहितीपट पाहून मलाही काही ठिकाणी अवघडल्यासारखं झालं. पण मुलीने बँजोवर एक वाक्य वाजवावं आणि बापाने गिटारवर त्याला उत्तर द्यावं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहून मी आक्षेप गुंडाळून ठेवतो. त्याला साथ मिळत होती. आयुष्यभर जे त्याने दुसऱ्यांना दिलं ते.

बॉनीला असा निरोप मिळाला नाही. जाहीर घोषणा नाही, दौरा नाही, माहितीपट नाही. ती मंचावरून गेली आणि बेकर्सफील्डमध्येच वारली. मग तिचे चाहते तिला आठवायचे तर कसे? तिच्या नावाच्या तबकड्या आहेत, पण ज्या आवाजावर त्यांचं प्रेम जडलं तो त्यांच्यात कमी आहे. तो हॅगर्डच्या तबकड्यांत आहे. हॅगर्ड लावायचा आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे कान न्यायचा, असं ते ऐकणं असतं. पहिल्यांदा जमत नाही. कान खालच्या जाड आवाजाकडे ओढला जातो, कारण शब्दांचा अर्थ तिथे आहे, गोष्ट तिथे आहे. हेडफोन लावून, मुखडा पुन्हापुन्हा ऐकून, स्वतः वरचा स्वर गुणगुणून पाहिलं की ती सापडते. आणि एकदा सापडली की मग ते गाणं पूर्वीसारखं ऐकूच येत नाही. मी ज्या जुन्या हॅगर्डवेड्यांशी बोललोय, ते सगळे हेच सांगतात. “तिचं काढून टाकलं तर गाणं बसतं,” असं त्यातल्या एकाने म्हटलं होतं; बसतं म्हणजे खाली बसतं, या अर्थाने.

साठच्या दशकातल्या तबकडीच्या पाकिटावर साथीच्या गायिकेचं नाव छापायची पद्धत नव्हती. वादकांचीही नावं क्वचितच असत. ती माहिती पुढे गोळा केली ती हौशी संग्राहकांनी: स्टुडिओच्या नोंदवह्या, संघटनेच्या मानधनाच्या याद्या, जिवंत असलेल्या वादकांच्या आठवणी. जर्मनीतली बेअर फॅमिली ही कंपनी अशा वेडातूनच चालते. तिने हॅगर्डच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचा संच तारीखवार नोंदींसह काढला, आणि बॉनीच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांचा ‘क्वीन ऑफ द कोस्ट’ नावाचा संचही काढला. ओक्लाहोमाच्या धुळीतून आलेल्या बाईचं काम जर्मन माणसांनी लावून ठेवावं याची मला गंमत वाटते, आणि आपल्याकडच्या साथीदारांचं काम कोण लावून ठेवणार हा प्रश्नही पडतो. आपल्या आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिफितींत गवयाचं नाव, राग, ताल सांगितला जातो, तबला-पेटीवर कोण हे सांगतातच. पण मागे तंबोऱ्यावर बसून मधूनच सूर भरणारी शिष्या कोण, हे किती वेळा कळतं? आज मोबाइलवर गाणी ऐकताना तर गायकाखेरीज कुणाचंच नाव समोर येत नाही. साथीची नावं मुद्दाम शोधायला गेलं तर सापडतात, तीही सापडलीच तर. ज्यांच्याकडे घरगुती मैफिलींच्या कॅसेटी असतील त्यांनी त्या दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि डबीवर सगळ्यांची नावं लिहावीत, तंबोरेवाल्यांसकट. ज्यांना ती नावं आठवतात ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत, आणि काहींना ती आठवेनाशी होऊ लागलीत.

इथे माझं भाषण संपलं होतं. नंतरच्या प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने उभं राहून सरळ विचारलं, “तुम्ही एवढं सांगितलंत, पण ती स्वतः मोठी गायिका होती का?” घाईत दिलेलं उत्तर छापताना जरा नीट करून देतो.

एकटी गाणारी म्हणून ती पहिल्या रांगेत बसत नाही, असं माझं मत आहे. तिच्याच काळात लोरेटा लिन होती, टॅमी वाइनेट होती. त्यांच्या आवाजात पहिल्याच ओळीला एक बाई उभी राहते, भांडते, रडते. बॉनीची ‘डोन्ट टेक ॲडव्हान्टेज ऑफ मी’ किंवा ‘समव्हेअर बिटवीन’ ही तबकडी लावली तर स्वर चोख आहेत, शब्द स्वच्छ आहेत, खोटं काही नाही, पण आवाज पुढे येऊन तुमचा हात धरत नाही. पुढे न येण्याची तिला सवय होती आणि हार्मनीत तीच सवय सोन्याची ठरली. अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर स्पर्धा तशी बेताची होती, हेही सांगून टाकतो. मात्र वरच्या आवाजाची गायिका म्हणून विचाराल तर त्या पिढीत माझ्या कानाला तिच्याइतकी अचूक दुसरी बाई सापडलेली नाही. ज्यांना ऐकून पाहायचंय त्यांनी हॅगर्ड आणि तिच्या युगुलगीतांची १९६६ सालची ‘जस्ट बिटवीन द टू ऑफ अस’ ही तबकडी आधी घ्यावी. तीत तिचा आवाज मोठा ठेवलाय, त्यामुळे शोधावा लागत नाही, आणि पाकिटावर तिचं नावही आहे. ‘द बॉटल लेट मी डाउन’ त्याच्यानंतर.